किती गेले ते कळते, कोण गेले ते कळत नाही

युद्धात कामी आलेल्या गावच्या जवानांच्या स्मरणाचा आढावा

सातारा, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या अनेक जुन्या गावांत शाळेच्या, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक आयताकृती पाटी बसवलेली असते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. नाव एकाचेही नाही. पंजाबपासून कोकणापर्यंत इंग्रज सरकारने एकाच साच्यातल्या अशा पाट्या लावल्या. गाव तेव्हा शे-दीडशे उंबऱ्यांचे. कोण गेले हे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नसेल, कारण ते सगळ्यांना ठाऊकच होते. आज पाटी तशीच आहे, ठाऊक असणारी पिढी मात्र संपली.

महाराष्ट्रात लढाईत पडलेल्यांची स्मारके कमी नाहीत. वीरगळ आहेत, जयस्तंभ आहेत, पुतळे, कमानी, चौकांची नावे, शिलाफलक आहेत. तरी एखाद्या गावाला विचारा, तुमच्या गावचे कोण कुठल्या लढाईत गेले, तर कारगिलपर्यंतची नावे येतात, १९७१ची आठवून सांगतात, त्यामागे मात्र सगळे धूसर होते. असे का व्हावे? ही सगळी स्मारके एकापुढे एक ठेवून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आठवण टिकण्याचा दगडाच्या मजबुतीशी फारसा संबंध नाही. नाव टिकायला दोन गोष्टी लागतात: ते कुणीतरी वेळेवर लिहून ठेवावे लागते आणि वर्षातून एकदा तरी ते कुणीतरी घ्यावे लागते. आपल्याकडे बहुतेक वेळा यांतली एकच गोष्ट घडली.

वीरगळ आणि जयस्तंभ

लढाईत पडलेल्याचे स्मारक करण्याची आपली रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची. शिवमंदिराच्या आवारात, वेशीजवळ, पाणवठ्यापाशी उभ्या असलेल्या वीरगळाचा साचा बहुधा ठरलेला असतो. तळच्या चौकटीत लढाई, नाहीतर गुरे पळवणाऱ्यांशी झुंज. तिच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर शिवपिंडीची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. तेराव्या शतकात यादव आणि शिलाहार यांच्यात झालेल्या आरमारी झुंजीशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर मात्र अक्षर नाही. तो कोण, कुणासाठी लढला, कधी पडला हे कळायला मार्ग नाही. गावाने त्यावर आपला मार्ग काढला. दगडाला शेंदूर लावला, सणावाराला नारळ फोडला, नवस बोलला. नाशिककडे तर धुळवडीला घराण्यातल्या वीरांचे टाक वाजतगाजत मिरवतात. इथे नाव हरवले पण रिवाज राहिला. माणूस विसरला गेला आणि देव होऊन उरला.

नावे कोरण्याची रीत कंपनी सरकारच्या फौजेबरोबर आली. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी कंपनीच्या तुकडीची लढाई झाली. तिथल्या स्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतली २२ महार शिपायांची मानली जातात. स्तंभ उभारला तो कंपनीने आपला पराक्रम सांगण्यासाठी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रज सैन्याने महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आज्यापणज्यांची नावे कोरली, त्यांनाच दार बंद. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले आणि तेव्हापासून त्या दगडाचा अर्थ बदलला. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. आज दर १ जानेवारीला तिथे लाखोंची गर्दी लोटते.

त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहेत आणि ते चालत राहतील. स्मरणाच्या अंगाने पाहिले तर कोरेगाव हा दुर्मीळ योग आहे. इथे नावे लिहिलेली होती आणि शंभर वर्षांनी का होईना, ती आपली मानणारा समाज वर्षाच्या ठरल्या दिवशी येऊ लागला. असे स्तंभ इंग्रजांनी देशभर कितीतरी उभारले. त्यांतल्या बहुतेकांकडे आता कुणी ढुंकूनही पाहत नाही.

मेसोपोटेमियात हरवलेली नावे

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा-चौदा लाख माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मराठी शिपायांच्या वाट्याला प्रामुख्याने आले ते मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने निघाली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपले, घोडे-खेचरे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यांत बहुसंख्य हिंदी होते. पुढे वाळवंटातली पायपीट, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावरची वेठ, आजारपण आणि उपासमार यांत किती तरी जण गेले.

या मृत्यूंचे स्मारक करणे अवघड होते. ना चढाई, ना झेंडा रोवल्याचे चित्र. आमांशाने किंवा तापाने बंदीवासात मेलेल्या शिपायाला वीरगळाच्या कुठल्या चौकटीत बसवायचे?

त्यात भर पडली ती साम्राज्याच्या पंक्तिप्रपंचाची. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत, साध्या शिपायांसकट. १९२९ मध्ये उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडून ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांवर माणसांचे स्मरण आहे. तिथे मात्र गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा दिला. फ्रान्समध्ये जग पाहणार होते, बसऱ्याला कोण जाणार, असाच हिशेब त्यामागे दिसतो. मराठी पलटणी ज्या आघाडीवर सर्वाधिक खपल्या, नेमक्या त्याच आघाडीवर नावे गाळली गेली. गावातल्या पाटीवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच.

दिल्लीच्या इंडिया गेटनेही ही उणीव भरून निघत नाही. सत्तर हजार सैनिकांच्या स्मरणार्थ १९३१ मध्ये ती कमान उघडली खरी, पण तिच्यावर कोरलेली तेरा हजारांवर नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. कूतला गेलेल्या पणजोबाचे नाव तिथे शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही.

या भेदभावाची कबुली यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. ४५ ते ५४ हजार सैनिकांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. यांत आशिया-आफ्रिकेतली माणसेच प्रामुख्याने होती. आयोगाने माफी मागितली. साताऱ्याच्या एखाद्या वाडीपर्यंत ती माफी पोहोचवायची तर आधी नाव पोहोचले पाहिजे, आणि अडचण तिथेच आहे.

ज्या गावांनी आठवण ठेवली

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात गावची पोरे होती. कोल्हापुरातल्या शिरोळ तालुक्यात टाकळी आहे, तिलाही ‘सैनिक टाकळी’ म्हणतात. अशा गावांत आठवण टिकण्याचे कारण उघड आहे. भरती कधी थांबलीच नाही. घरात एक सुभेदार निवृत्त होऊन येतो तेव्हा दुसरा बेळगावला प्रशिक्षण घेत असतो. पारावर बसलेले चार पेन्शनर एकमेकांच्या पलटणी विचारतात, आजोबांच्या लढाया नातवाच्या कानावर पडतात. इथे स्मारकाला राखणदार नेमावा लागत नाही.

एका माणसाची आठवण गावाने, राज्याने आणि परक्या देशानेही कशी ठेवावी, याचे उदाहरण म्हणजे नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला हा तरुण दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटाच ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचले. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तो त्याच ठाण्यात पडला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची ओळखता येईल अशी समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

माणगावात त्याचा पुतळा आहे. इटलीत पेरुजियाजवळच्या माँतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ हिंदी सैनिक पडले. त्यांतल्या एकाच्या नावाने माँतोनेच्या लोकांनी सगळ्यांची आठवण ठेवली, हे चांगलेच झाले. मात्र पदकामागे एक अन्यायही लपलेला असतो. त्या दिवशी घाडग्यांच्या तुकडीत मेलेले बाकीचे कोण, कुठल्या गावचे? पदक मिळाले की पुतळा होतो, जिल्ह्याच्या इतिहासात ओळ मिळते. पदकाविना मेलेला मात्र घरच्या फोटोपुरता उरतो आणि घराची वाटणी झाली की फोटोही कुठे जातो ते कळत नाही.

तारेपासून तिरंग्यातल्या पेटीपर्यंत

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत एक मोठा फरक पडला तो १९९९ मध्ये. १९६२, १९६५, १९७१ मध्ये जवानावर अंत्यसंस्कार साधारणपणे आघाडीच्या जवळच होत. गावात यायची ती तार, मागाहून सामानाची ट्रंक, कधी अस्थी. ‘तार आली’ एवढ्यावर घरात रडारड सुरू व्हायची ती याच अनुभवामुळे. गावाच्या डोळ्यांपुढे काही घडत नसे, म्हणून गावात जागाही तयार होत नसे.

कारगिलच्या वेळी पार्थिव गावी पाठवायची पद्धत सुरू झाली. त्या युद्धात ५२७ जवान गेले. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली, पंचक्रोशी लोटली, शाळा बंद राहिल्या, बंदुकीच्या फैरी झडल्या. जिथे अग्नी दिला तिथे चौथरा झाला, चौथऱ्यावर अर्धपुतळा झाला, वेशीवर कमान आली, रस्त्याला किंवा शाळेला नाव मिळाले. युद्धस्मरण पहिल्यांदाच पुरतेपणी गावाच्या मालकीचे झाले. कारगिलची नावे गावोगाव तोंडपाठ असण्याचे आणि १९६२ची नसण्याचे मुख्य कारण हेच. देशभक्ती तेव्हा कमी होती म्हणून ती नावे विसरली गेली असे नाही. त्या जवानांना गावच्या मातीत जागा मिळाली नाही, म्हणून विसरली गेली.

मोठ्या पातळीवरही काम झाले. पुण्यात घोरपडीजवळ नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले युद्धस्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले, कारगिलच्याही आधी. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडले. तिथल्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर पडलेल्या सुमारे २६ हजार सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर आहेत: नाव, हुद्दा, पलटण. शिपाई आणि कर्नल यांच्या विटांचा आकार एकच. बसऱ्याच्या भिंतीला हे दिलेले उत्तर आहे. मात्र गाव कुठले हे वीट सांगत नाही, आणि १९४७च्या आधीचे त्यात येत नाहीत.

गावातल्या स्मारकांचे पुढे काय होते, हेही पाहायला हवे. उद्घाटनाला मंत्री येतात, कोनशिलेवर त्यांचे नाव कधीकधी जवानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते. त्यानंतर दिव्याचे बिल कुणी भरायचे, रंग कुणी द्यायचा हे ठरलेले नसते. २६ जानेवारीच्या आदल्या दिवशी झाडलोट होते, वीरमाता-वीरपत्नींना शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो निघतो. पेन्शनची अडलेली फाइल किंवा जमिनीचा अर्ज घेऊन त्याच बाईला मग तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि माजी सैनिकांच्या संघटना इथे खरी मदत करतात. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधीही त्यासाठीच असतो. जवानाचे स्मरण करायचे आणि त्याच्या घरच्यांना हेलपाटे घालायला लावायचे, हे एकाच गावात सुखेनैव चालू शकते, हे कबूल केलेले बरे.

यादीबाहेरची माणसे

एवढे सगळे करूनही काही माणसे कुठल्याच दगडावर येत नाहीत. पलटणीबरोबर गेलेले भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी, हमाल हे त्यांतले पहिले. मेसोपोटेमियात तर तुरुंगांतून सोडलेल्या कैद्यांच्याही मजूर टोळ्या नेल्या होत्या. गोळी त्यांनाही लागत होती, पण हातात बंदूक नव्हती.

दुसरे कोकणातले खलाशी. दोन्ही महायुद्धांत बोटींवर कोळसा ओढणारे, इंजिनरूममध्ये राबणारे रत्नागिरीकडचे कितीतरी लोक पाणतीराने बुडालेल्या जहाजांबरोबर गेले. मुंबईच्या बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात त्यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या साडेसहा हजारांच्या आसपास नाविकांच्या नावांच्या दोन सारख्या वह्या केल्या, एक मुंबईत आणि दुसरी चितगावला. मुंबईकरांतल्या फार थोड्यांना ही वही माहीत असेल.

तिसरे आझाद हिंद सेनेतले. सिंगापूरला नेताजींनी जुलै १९४५ मध्ये पायाभरणी केलेले स्मारक इंग्रजांनी परतल्याबरोबर पाडले. एकाच तालुक्यातले दोघे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर समोरासमोरच्या फौजांत असू शकत होते. एकाचे नाव साम्राज्याच्या दप्तरात आले, दुसऱ्याचे त्यातून खोडले गेले.

नावे कुठे मिळतात

सुदैवाने नावे अगदीच नाहीशी झालेली नाहीत. राष्ट्रकुल आयोगाची सूची संगणकावर कुणालाही पाहता येते. बऱ्याच नोंदींत बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. अडचण आहे ती इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेल्या स्पेलिंगची आणि बदललेल्या नकाशाची. माणगावचा माणूस शोधायचा तर जिल्हा कुलाबा पाहावा लागतो, कारण रायगड हे नाव १९८१चे. मालवण-वेंगुर्ल्याचा माणूस रत्नागिरीत सापडतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१चाच. सावंतवाडी, कोल्हापूर, फलटण, औंध इथले लोक संस्थानच्या नावाखाली असू शकतात. हे भूगोलाचे कुलूप गावचा माणूसच उघडू शकतो. ‘गाव’ म्हणून लिहिलेली वाडी कुठली, हे लंडनला किंवा दिल्लीला बसून कळत नाही.

स्वातंत्र्यानंतरची नोंद वेगळ्या कारणाने विखुरलेली आहे. एकाच गावातला एक जण मराठा लाईट इन्फन्ट्रीत, म्हणजे कागद बेळगावला. दुसरा महार रेजिमेंटचा, त्याचे कागद मध्य प्रदेशात सागरला. तिसरा तोफखान्याचा, तो नाशिक रोडला. चौथा बॉम्बे सॅपर्सचा, तो खडकीला. सैन्य माणूस पलटणीत मोजते, गाव त्याला भावकीत मोजते. हे दोन हिशेब जुळवणारी वही गावातच व्हायला हवी.

पंजाबात हे काम सुरू झाले आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पहिल्या महायुद्धाच्या गाववार नोंदवह्या गेल्या काही वर्षांत संगणकावर आल्या. तीन लाखांवर सैनिकांची माहिती त्यांत आहे आणि परदेशी गेलेली कुटुंबे त्यांत आपले पणजोबा शोधत आहेत. मराठी मुलखातही असे काम जिल्ह्या-जिल्ह्याने हाती घेता येईल. २०२३च्या ‘मेरी माटी, मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले, हे त्या दिशेचे पाऊल होते. पण फलक यादीच्या आधी आला तर त्यावर आठवतील तेवढीच नावे चढतात, आणि आठवतात ती अलीकडची.

म्हणून क्रम उलटा हवा: आधी वही, मग दगड. पाटीवरचा आकडा, सूचीतली नावे, घराघरांतली पदके, पेन्शनचे कागद, शाळेचे जुने दाखले, म्हाताऱ्यांच्या तोंडची माहिती हे सगळे एकत्र आणायला एखादा हौशी शिक्षक, दोन माजी सैनिक आणि चार कॉलेजची पोरे पुरेत. यादीत भिस्ती आणि खलाशी घ्यावेत, आजाराने मेलेले घ्यावेत, आझाद हिंदचे घ्यावेत. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा होतेच. तिथे ती यादी एकदा वाचावी. पाच-सात मिनिटे लागतील.

साम्राज्यासाठी लढलेल्यांची आठवण स्वतंत्र देशाने कशाला ठेवायची, असा आक्षेप यावर येतो. तो गंभीर आहे. कूतचे युद्ध आपले नव्हते, हे खरेच. पण गावाची यादी युद्धाला दाखला देत नाही. कर्जापायी, दुष्काळामुळे, भरतीच्या दडपणामुळे, इभ्रतीसाठी, पगारासाठी किंवा खरोखर देशासाठी, ज्याला जे कारण असेल त्याने घर सोडले आणि तो परत आला नाही. तो कोण होता एवढेच गाव विचारते, आणि हे विचारायला कुणाची मंजुरी लागत नाही.